अडीच गुंठ्यात फळझाडं लावताना

पहिलं सफरचंदाचं झाड लावलं त्या रविवारी मी तासगावला आण्णांना फोन केला. झाड पाच फुटी आहे, गुलाबी कळ्या धरल्यात, अठरा पौंडांना मिळालं, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खुंट कंचा हाय?"

मला सांगता येईना. लेबल पुन्हा पाहिलं. लालभडक सफरचंदाचा फोटो, जातीचं नाव आणि "उन्हात लावा", एवढंच. आण्णा म्हणाले, "मग तू झाड न्हाई, नुसतं नाव इकत घेतलंस."

आण्णांची चाळीस वर्षं द्राक्षात गेली. आमच्याकडे आधी डॉगरिज जातीचा खुंट, म्हणजे मुळांसाठी खालचं झाड, लावतात, तो जमिनीत चांगला रुजला की पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरतात. माती चुनखडीची असो, पाणी खारं असो, ते सोसायचं काम खुंटाचं. हे लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं असूनही दुकानातलं फुलांवर आलेलं झाड बघितल्यावर मला त्यातलं काही आठवलं नाही. ते झाड सात वर्षांत पंधरा फुटांवर गेलं. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांच्या वाफ्यांवर सावली पडायला लागली आणि भर हिवाळ्यात ते मुळासकट खणून काढावं लागलं. इंग्लंडात राहणारे माझ्या ओळखीतले मराठी लोक आता अलॉटमेंटच्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्याच्या, यादीत नाव घालतात, नंबर लागला की पहिल्याच वसंतात गाडीच्या डिकीतून झाड आणतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं मुख्यतः एकच: जात नंतर ठरवा, आधी खुंट ठरवा.

आधी करार वाचा

अलॉटमेंट म्हणजे भाजी आणि फळं पिकवायला कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. त्यामागचा मुख्य कायदा १९०८ चा. १९२२ च्या कायद्यात तर व्याख्येतच आहे, की घरच्यांना खाण्यासाठी भाजी किंवा फळं पिकवायची. जुन्या हिशोबाने पूर्ण प्लॉट १० रॉडचा, म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा. गणित केलंत तर तो बरोबर अडीच गुंठे भरतो. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण गुंठ्यात सांगितलं की जमीन किती ते मला लगेच दिसतं. हल्ली मात्र नव्या माणसाला बहुतेक ठिकाणी अर्धाच प्लॉट देतात.

झाडांबद्दलचे नियम जागोजागी वेगळे. कुठे फक्त ठेंगणी झाडं चालतात, कुठे आधी लेखी परवानगी लागते, कुठे वाटेपासून अमुक अंतर सोडावं लागतं. प्लॉट सोडताना झाडं काढून द्या, असंही काही करारांत असतं. साइटच्या सेक्रेटरीला एक ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. झाड दहावीस वर्षं राहणार असतं, तोंडी परवानगी देणारा माणूस तोवर तिथे असेलच असं नाही.

खुंट

सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं झाड येत नाही, हे आंब्याची कोय लावलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. म्हणून इथलंही प्रत्येक सफरचंद कलमाचंच असतं. खालचा खुंट एका जातीचा, वरची काडी दुसऱ्या जातीची. झाड किती उंच जाणार, फळ कितव्या वर्षी धरणार, जन्मभर आधार लागणार की नाही, हे बहुतांशी खुंटावर ठरतं. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग इथे १९१३ मध्ये फळझाडांचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे या खुंटांची वर्गवारी झाली, म्हणून त्यांच्या नावात मॉलिंगचा "एम" आहे. आकड्यांना मात्र क्रम नाही. एम २७ सगळ्यांत बुटका आणि एम २५ सगळ्यांत उंच, त्यामुळे आकडा बघून उंचीचा अंदाज बांधू नका.

एम २७ वरचं झाड पाच-सहा फुटांत थांबतं. ऐकायला छान वाटतं, पण त्याची मुळं इतकी नाजूक असतात, की गवत, उन्हाळ्यातला कोरडेपणा, हलकी जमीन, त्याला काहीच झेपत नाही. कुंडीत ठीक आहे. अलॉटमेंटवर, जिथे आपण आठवड्यातून दोनदा जातो, तिथे मी ते कुणाला सुचवत नाही.

एम ९ साधारण आठ फुटांचं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरतं, फळही मोठं येतं, पण जमीन कसदार हवी आणि आधाराचा डांब कायमचा हवा. डांब कुजला आणि वेळेत बदलला नाही तर फळांनी लदलेलं झाड ऑगस्टच्या वाऱ्यात आडवं होतं.

एम २६ दहा फुटांच्या आसपास. मला विचाराल तर साधारण मातीच्या अलॉटमेंटसाठी हाच पहिला पर्याय. शिडीशिवाय तोडणी होते आणि थोडं दुर्लक्ष झालं तरी झाड तग धरतं.

एमएम १०६ बारा ते पंधरा फुटांवर जातं. यातला दुसरा "एम" मर्टन या ठिकाणाचा. हे खुंट तयार करताना कापसासारख्या पांढऱ्या माव्याला दाद न देणारे खुंट हवेत, हा हेतू होता आणि तो गुण त्यात आहे. हलक्या, रेताड जमिनीत हाच घ्या, कारण तिथे झाड तेवढं वाढणारच नाही. पण पाणी साचणाऱ्या जमिनीत लावू नका, बुडकूज होते. एम २५ हा मोठ्या बागेसाठी, आपल्यासाठी नाही.

पेरला, म्हणजे नाशपातीला, खुंट क्विन्सचा असतो. क्विन्स म्हणजे ज्याच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात, तेच फळ. क्विन्स सी थोडा बुटका, क्विन्स ए जरा जोमदार, अलॉटमेंटवर दोन्ही चालतात. प्लमला पिक्सी किंवा सेंट जुलियन ए. चेरीला गिसेला ५, नाहीतर चेरी हाताबाहेर जाते. लेबलवर खुंटाचं नाव नसेल तर दुकानदाराला विचारा. त्यालाही माहीत नसेल तर झाड कितीही देखणं असो, तिथेच ठेवून या.

जात

मी राहते स्लावजवळ. इथून बसच्या अंतरावर कोलनब्रुक आहे. साधारण १८२५ च्या सुमाराला तिथे रिचर्ड कॉक्स नावाच्या गृहस्थांनी बी पेरून जे सफरचंद वाढवलं, ते कॉक्सेस ऑरेंज पिपिन. बिअर बनवण्याचा धंदा सोडून ते इथे बागेत रमले होते. आपल्याच भागातलं फळ, जगभर नाव झालेलं, मग ते लावायलाच हवं असं मला वाटलं. लावलं. चौथ्या वर्षी मुख्य फांदीची साल एका डोळ्याभोवती आत बसली, मग चिरली, मग कडेकडेने फाटत फांदीभर पसरली. हा कँकर. मी चाकूने हिरवं लाकूड दिसेपर्यंत कोरून काढलं, तरी पुढच्या वर्षी दुसरीकडे निघाला. शिवाय पानांवर स्कॅब रोगाचे काळे डाग आणि भुरी. कॉक्सची चव अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फवारण्या न करणाऱ्या, नोकरी सांभाळून प्लॉटवर जाणाऱ्या माणसाचं ते झाड नाही. आता त्या चवीसाठी माझ्याकडे सनसेट आहे. कॉक्सच्याच घरातलं, पण बरंच काटक.

पहिलं झाड म्हणून डिस्कव्हरी घ्या. ऑगस्टमध्येच तयार होतं, लाल, आंबटगोड, आणि काही वेळा सालीचा रंग आत गरातही उतरतो. टिकत नाही, तोडलं की आठवड्याभरात संपवायचं. मुलं असलेल्या घरात हे आपोआप होतं.

एग्रेमॉन्ट रसेटबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. याची साल खरखरीत, तपकिरी, थेट चिकूसारखी. मी पहिल्यांदा बाजारात पाहिलं तेव्हा खरोखर चिकू समजून हातात घेतलं होतं. इंग्रजी दुकानांतून ते फारसं दिसत नाही, कारण चकाकत नाही. पण ऑक्टोबरमध्ये तोडून दोनतीन आठवडे ठेवलं की गर घट्ट, कोरडा, अक्रोडासारखा लागतो. आईला इथे आली असताना दिलं, तर तिने साल न काढता खाल्लं आणि चार बरोबर घेऊन गेली. दुकानात न मिळणारं झाडावर पिकवायचं, हाच स्वतःच्या झाडाचा फायदा. गाला आणि ब्रेबर्न बाराही महिने मिळतात, त्यावर जमीन खर्ची घालू नका.

ब्रॅमली हे शिजवायचं सफरचंद. साउथवेलला १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने पेरलेल्या बीचं ते झाड. लोणच्याला, मुरांब्याला, डाळीत आंबटपणाला मी वापरते. कैरी मिळत नाही तेव्हा ब्रॅमलीची आमटी करून पाहा. पण हे झाड मुळातच दांडगं, एम ९ वर घेतलं तरच अलॉटमेंटवर शोभतं. आणि एक अडचण: त्याचे पराग कामाचे नसतात. ते स्वतः दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, त्यामुळे आणखी दोन जाती जवळ लागतात, एक त्याच्यासाठी आणि दोघी एकमेकींसाठी.

परागीकरणाचा नियम असा, की सफरचंदाला दुसऱ्या जातीचं सफरचंद हवं आणि दोघांचा फुलोरा एकाच वेळी हवा. रोपवाटिका जातींना फुलोऱ्याच्या गटांचे आकडे देतात. एकाच गटातल्या किंवा लगतच्या गटातल्या जाती जमतात. रसेट गट २, डिस्कव्हरी, सनसेट, जेम्स ग्रीव्ह गट ३, म्हणजे या कुणालाही कुणीही चालतं. वस्तीतल्या अलॉटमेंटवर शेजारच्या प्लॉटवर, कुंपणापलीकडच्या परसात झाड असतंच, तेव्हा याची फार धास्ती घेऊ नका. एप्रिलअखेर एक चक्कर मारून कुठे कुठे फुलं दिसतात ते बघा, बस.

पेरमध्ये कॉन्फरन्स. एकटा असला तरी थोडंफार धरतो, सोबत विल्यम्स असला तर भरपूर. प्लममध्ये व्हिक्टोरिया, ती एकटीच पुरेशी आहे. ती इतकी धरते, की फांद्या ओझ्याने मोडतात, म्हणून जूनमध्ये विरळणी करा आणि फांदीला टेकू द्या. प्लमची छाटणी हिवाळ्यात कधीही करू नका. ओल्या थंडीत जखमेतून सिल्व्हर लीफ नावाची बुरशी शिरते. जून ते ऑगस्ट, कोरड्या दिवशी. द्राक्षवाल्यांना हिवाळ्यात कात्री हातात घ्यायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते.

चेरी मी लावली नाही. जाळी टाकली नाही तर पक्षी एक फळ ठेवत नाहीत. अंजीर ब्राऊन टर्की जातीचं येतं, पण त्याला दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत लागते, ती अलॉटमेंटवर नसते. आंबा आणि सीताफळ इथे उघड्यावर जगत नाहीत. कोयी रुजवून खिडकीत ठेवणाऱ्यांचं प्रेम मला कळतं, पण त्या खिडकीतच ठेवा.

जागा

आपण सावली शोधणाऱ्या मुलखातून आलेलो. इथे हिशोब उलटा. दक्षिण इंग्लंडात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १५ अंश असतो. मार्चमध्येही तो कललेलाच. आठ फुटांच्या झाडाची सावली तेव्हा कितीतरी लांब पडते आणि ती पडते उत्तरेला. म्हणून झाडं प्लॉटच्या उत्तरेच्या कडेला लावा, सावली वाटेवर जाऊ द्या. आणि त्या वाटेपलीकडे कुणाचा वाफा आहे का ते आधी पाहा. मी ते पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट थंड हवा. ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साचते. प्लॉट उतारावर असेल तर तळाच्या कुंपणापाशी झाड लावू नका. २०१७ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कडक हिमदव पडलं, सगळा मोहर उघडलेला. आमच्या साइटवर वरच्या बाजूच्या झाडांना त्या वर्षी फळं होती, ओढ्याकडच्या झाडांना एकही नाही. फुलांच्या आतला मधला भाग काळा पडला होता, पाकळ्या मात्र दोन दिवस तशाच पांढऱ्या होत्या. वरून बघून काही कळलंच नसतं.

जागा कमी असेल तर कॉर्डन करा. तारा ओढून झाडं ४५ अंशांत तिरपी लावायची, दोन झाडांत ७५ सेंटिमीटर, प्रत्येकाचं एकच खोड, बाजूच्या फांद्या आखूड ठेवायच्या. रांग दक्षिणोत्तर आणि शेंडे उत्तरेकडे झुकलेले. अशी माझी सहा सफरचंदं साडेचार मीटरमध्ये उभी आहेत, सहा वेगवेगळ्या जातींची. ज्यांनी मांडव पाहिलाय, त्यांना डांब रोवणं, तारा ताणणं, काडी बांधणं शिकवावं लागत नाही. छाटणी ऑगस्टमध्ये होते: खोडावरून निघालेल्या नव्या फुटव्याची बुडाशी एक पानांची झुबकी असते, ती सोडून तीन पानं मोजायची आणि वर कापायचं. सनसेटचा पहिला फुटवा मी कापला तेव्हा हात थरथरला होता. आता सहा झाडांचं काम अर्ध्या तासात होतं.

कधी आणि कसं घ्यायचं

वसंतात कुंडीतलं, फुलांवर आलेलं झाड घेऊ नका. नोव्हेंबर ते मार्च या काळात, झाड झोपलेलं असताना, उघड्या मुळांचं कलम मागवा. रोपवाटिका ते शेतातून उपटून, मुळं ओल्या कागदात गुंडाळून पाठवते. किंमत साधारण वीस ते तीस पौंड, निवड कितीतरी जास्त आणि खुंट छापील यादीत लिहिलेला. एक वर्षाचं कलम घ्या, ज्याला इथे मेडन म्हणतात. दिसायला काठी, पण तीन-चार वर्षांच्या महागड्या झाडाला ते लवकरच गाठतं, कारण त्याची मुळं कमी तुटलेली असतात. मागणी सप्टेंबरातच नोंदवा, चांगल्या जाती लवकर संपतात.

पार्सल आलं आणि जमीन गोठलेली किंवा चिखल असेल, तर घाई करू नका. एका कोपऱ्यात चर काढून झाड तिरपं ठेवा, मुळांवर माती ओढा. काही आठवडे ते तसंच नीट राहतं. फक्त मुळं वाऱ्याला उघडी पडू देऊ नका. गाडीतून प्लॉटपर्यंत नेतानासुद्धा ओलं पोतं गुंडाळा.

लावणी

दिवस निवडताना आण्णांचा शब्द वापरा: वाफसा. मूठभर माती घ्या, दाबा, मूठ उघडा, बोटाने टोचा. ढेकूळ फुटलं तर खणा. चिकट गोळा राहिला तर घरी जा. आमच्याकडची चिकण माती ओली असताना फावड्याने कापली की खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात, लिंपल्यासारख्या, आणि पुढे मुळं त्या भिंतीला लागून गोल फिरत राहतात.

झाडाची मुळं अर्धा तास बादलीत भिजत ठेवा. तेवढ्यात खड्डा होतो. खोल नको, रुंद हवा. खोली मुळांएवढीच, म्हणजे एक वीत ते सव्वा फूट, आणि रुंदी तीन फूट. मी चौकोनी काढते, कोपऱ्यांतून मुळं बाहेर पडतात. भिंतींना काट्याने भोकं पाडते. तळ खणून भुसभुशीत करायचा मोह टाळा, कारण माती नंतर बसते आणि झाड खाली जातं.

खड्ड्यात शेणखत घालायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. आपल्याकडे खड्डा म्हणजे दोन घमेली शेणखत हे ठरलेलं. इथे मात्र उघड्या मुळांना ताजं खत जाळतं, ते कुजत गेलं की माती खचते, आणि मऊ, गोड मातीच्या खिशातून मुळं बाहेर जायला बघत नाहीत. काढलेलीच माती परत भरा. खत वरून द्या.

आधी डांब. झाड लावून मग डांब ठोकला तर तो मुळं फोडत जातो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, इथे बहुधा नैऋत्येला, मुळांपासून चार बोटं सोडून. मग झाड ठेवा आणि एक सरळ काठी खड्ड्यावर आडवी टाका. आता जमिनीची पातळी कुठे येते ते दिसतं. रोपवाटिकेतल्या मातीची खूण खोडावर काळसर दिसते, ती काठीला लागली पाहिजे. आणि कलमाचा जोड, म्हणजे खोडाला जिथे छोटी वाक आणि गाठ असते ती जागा, काठीच्या वर किमान चार इंच हवी.

या चार इंचांसाठी मी थोडा वेळ मागते. ते पंधरा फुटी झाड खणून काढताना मी आणि शेजारचे आजोबा गुडघ्यांवर बसून माती बाजूला करत होतो. जमिनीखाली हातभर गेल्यावर कलमाची गाठ सापडली. खाली खुंटाची मुळं होती, मनगटाएवढीही नाहीत. आणि गाठीच्या वरून, वरच्या जातीच्या खोडातून, दंडाएवढी दोन मुळं निघून सरळ प्लॉटबाहेर गेली होती. मी झाड खोल लावलं होतं, त्यात खड्डाभर शेणखत, ते खचून झाड आणखी खाली गेलं. वरच्या काडीने स्वतःची मुळं धरली आणि खुंटाचा लगाम सुटला. लेबलवर खुंट लिहिलेला असता तरी त्याचा उपयोग झाला नसता. आजोबांनी ती गाठ पुसली, अंगठा तिच्यावर ठेवला आणि म्हणाले, "ही दिसत राहिली पाहिजे." तेव्हापासून दर मार्चमध्ये मी सगळ्या झाडांच्या बुडाशी हात घालून गाठ उघडी आहे ना ते बघते. आच्छादनाचा थर चढत जातो, तो मागे ओढते.

माती थोडी थोडी टाका, झाड हलकेच वरखाली हलवा म्हणजे मुळांमधल्या पोकळ्या भरतात. टाचेने नाही, चवड्याने दाबा. दोन बादल्या पाणी घाला, पाऊस पडत असला तरी, कारण हे पाणी तहानेसाठी नसतं, माती बसवण्यासाठी असतं. झाड डांबाला रुंद पट्ट्याने बांधा, मध्ये रबराचा तुकडा ठेवा. दोरी किंवा तार नको. वर्षातून दोनदा पट्टा सैल करा, खोड जाड होतं तसा तो रुततो. एमएम १०६ चा डांब तीन-चार वर्षांनी काढता येतो, एम ९ चा कधीच नाही.

शेवटी आच्छादन: कुजलेलं शेणखत किंवा लाकडाचा भुगा, दोन-तीन इंच, मीटरभर रुंद गोलात, खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी. जुनं सफरचंद काढलेल्या जागी पुन्हा सफरचंद लावू नका, नवं झाड खुरटतं. मी त्या खड्ड्याच्या जागी व्हिक्टोरिया लावली.

मेडन लावल्यावर त्याच हिवाळ्यात त्याचा शेंडा जमिनीपासून अडीच फुटांवर कापायचा, खाली तीन-चार चांगले डोळे ठेवून. वाईट वाटतं, पण तिथूनच झाडाचा सांगाडा बनतो. प्लमचं हे काम कळ्या फुटायला लागल्यावर. कॉर्डनचा शेंडा कापायचा नाही.

पहिली दोन वर्षं

पहिल्या उन्हाळ्यात झाड मरतं ते पाण्यावाचून किंवा गवतामुळे. मे ते ऑगस्ट, पाऊस नसेल तर आठवड्याला दोन बादल्या, सावकाश. तो मीटरभराचा गोल गवतमुक्त ठेवा. गवत ओलाव्याचा पहिला वाटेकरी असतं.

पहिल्या वर्षी धरलेली सगळी फळं सुपारीएवढी असताना खुडून टाका. दुसऱ्या वर्षी चार-पाच ठेवा. त्यापुढे जूनमध्ये झाड स्वतःच काही फळं गाळतं. घाबरू नका, ते गळून झाल्यावर प्रत्येक झुबक्यात एक किंवा दोन ठेवून बाकीची काढा.

ऑक्टोबरच्या अखेरीस खोडाला आणि डांबाला चिकट पट्टे बांधा. हिवाळी पतंगाच्या मादीला पंख नसतात, ती खोडावरून चालत वर जाते आणि पट्ट्यावर अडकते. डांब विसरलात तर ती डांबावरून जाते.

आणि पेर. लावलेल्या पेरवर पिकण्याची वाट पाहत बसू नका. पेर आतून बाहेर पिकतो, झाडावर मऊ लागला तोवर गाभा काळा झालेला असतो. सप्टेंबरमध्ये फळ हातात घेऊन आडवं उचला. देठ फांदीपासून सहज सुटला तर तोडायचा, फळ दगडासारखं असलं तरी. घरी आणून आंब्यासारखी अढी घाला. मी शेडमध्ये फळांच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून एकेक पेर न टेकवता मांडते, आणि दोनतीन दिवसांनी काही पेर स्वयंपाकघरात आणते. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघा. तिथे जरासा दबला की त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.